फुलं आहेत तोवर

१

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. नुसतं पांढरं नव्हे, ओलं धुकं. खिडकीच्या काचेवर बाहेरून थेंब जमायचे, थोडे मोठे व्हायचे आणि आपल्याच वजनानं खाली ओघळायचे. वारा अजिबात नव्हता. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमटच होते. रविवार होता, म्हणजे पाहुणीच्या आंघोळीचा दिवस.

पाहुणी म्हणजे ऑर्किडचं झाड. हे नाव हिनं ठेवलं. ही म्हणजे माझी बायको. नऊ महिन्यांपूर्वी न्हाणीघरात तिचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती खाटेवरच आहे. दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी लेक ही कुंडी घेऊन आली. लांब देठ, त्यावर सात फुलं, पांढरी, मध्ये जांभळा ठिपका.

"आई, तुला सोबत," लेक म्हणाली.

"पाहुणी आली म्हणायची," ही म्हणाली. "बसव खिडकीत. किती दिवस मुक्काम आहे?"

"दुकानदार म्हणाला, फुलं दोन-तीन महिने टिकतात. शेवटचं फूल गळलं की कुंडी बदलायची. फुलं आहेत तोवर मुळांना हात लावायचा नाही. झाड दचकतं म्हणे."

हे मी नीट लक्षात ठेवलं. मला शाळा नाही. लेक पहिलीत होती तेव्हा तिच्या शेजारी बसून मीही अक्षरं गिरवली, तेवढंच माझं शिक्षण. म्हणून जाणत्या माणसानं काही सांगितलं की मी ते गाठ मारून ठेवतो, आपली अक्कल मध्ये घालत नाही.

मला अक्कल आहे ती हातात. बेचाळीस वर्षं मी गोदामात पोती उचलली. तिथं मला 'काटा' म्हणायचे. पोतं पाठीवर घेतलं की मी सांगायचो, यात दीड किलो कमी आहे, आणि काट्यावर टाकलं की तेवढंच कमी निघायचं. मुकादम म्हणायचा, "तो लोखंडी काटा विकून टाका आणि ह्याला आढ्याला टांगा."

ऑर्किडला पाणी कधी द्यायचं हेही हातालाच कळतं. कुंडी उचलायची. हलकी लागली तर बादलीभर पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून निथळायची, जड लागली तर तशीच ठेवायची. मला हे फार आवडलं. जन्मभर केलं तेच काम, फक्त पोत्याऐवजी कुंडी.

त्या रविवारी मी कुंडी उचलली आणि तशीच परत ठेवली.

जड होती. पण कुंडी पारदर्शक प्लास्टिकची, मुळं बाहेरून दिसतात. पाणी असलं की ती हिरवी असतात, वाळली की रुपेरी. ती पार रुपेरी झाली होती. बोट घालून पाहिलं, मातीऐवजी घातलेले झाडाच्या सालीचे तुकडे कोरडे ठणठणीत.

"काय झालं?" हिनं विचारलं.

"जड आहे."

"मग नका देऊ. पण तहानलेली दिसते हो."

"तुला तिथून कसं दिसतं?"

"मला तहान लागलीय ना, म्हणून," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

मी तिला पाणी दिलं, पाहुणीलाही दिलं. कुंडी निथळून खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवत होतो, तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, पांघरूण बघा जरा. पाय भिजल्यासारखे वाटतात."

मी बघितलं. चादर कोरडी होती. पाय कोरडे होते, ऊबही होती.

"म्हातारपण," ती म्हणाली. "पायसुद्धा काहीबाही बोलायला लागले."

२

आमची खिडकी आणि समोरच्या इमारतीतल्या बाईंची गॅलरी, मध्ये फक्त एक गल्ली. त्यांनी तीस वर्षं रोपवाटिकेत काम केलं, म्हणून आम्ही त्यांना नर्सरीबाई म्हणतो. आवाज असा की गल्ली ओलांडायला त्यांना फोन लागत नाही.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमची पाहुणी हलायचं नाव घेत नाही!"

"फुलंच गळेनात."

"आठ महिने? अहो, माझ्या नवऱ्याचा रुसवासुद्धा एवढा टिकला नाही कधी. थांबा, येते."

आल्या, चष्मा लावला, स्टुलासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि प्लास्टिकला नाक लावून बराच वेळ बघत राहिल्या. 

"साल संपलीच की," त्या म्हणाल्या. "आत नुसती मुळं. एवढीएवढीशी कुंडी आणि एवढी मुळं. मारून मुटकून बसवल्यासारखी. बदलायला कधीच झालीय ही."

"मग बदलू?"

त्यांनी फुलांकडे पाहिलं, मग हिच्याकडे. "फुलं आहेत ना. भरल्या फुलांत मुळं मोडली तर झाड जायचं. थांबा अजून."

"थांबायला काय," मी म्हणालो. "मला तेवढंच येतं."

काही मुळं कुंडीच्या काठावरून बाहेर आली होती. जाड, बोटाएवढी, टोकाला हिरवी. मी विचारलं, "झाड उजेडाकडे जातं ना? मग ही मुळं खाटेकडे कशी?"

"मुळं ओलीकडे जातात, काका."

"खाटेवर कुठली ओल?"

त्या उठल्या, चष्मा काढला. हिला म्हणाल्या, "काकू, बारीक झालात हं."

"लग्नात होते तेवढी व्हायचंय मला," ही म्हणाली. "तुमच्या काकांना उचलायला सोपं."

दोघी हसल्या. मीही हसलो. दाराशी नर्सरीबाई हळू आवाजात म्हणाल्या, त्यांना हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं, "खरं म्हणजे कुंडी कधी बदलायची ते मुळं बघून ठरवतात, काका. फुलं बघून नाही. पण काकूंचा जीव आहे त्या फुलांत."

३

हिला मी रोज सकाळी उचलतो. एक हात मानेखाली, एक गुडघ्याखाली. खुर्चीत बसवायचं, चादर बदलायची, परत निजवायचं. दवाखान्यातून आली तेव्हा कागदावर चौपन्न किलो लिहिलं होतं. माझा हातही चौपन्नच म्हणाला.

मग हात पन्नास म्हणाला. मग सत्तेचाळीस. जेवत होती, दूध घेत होती, ताटात काही टाकत नव्हती. डॉक्टर आले, छाती बघितली, जीभ बघितली, रक्त तपासायला नेलं. सगळं ठीक.

"वय आहे, आजोबा," डॉक्टर म्हणाले. "थोडं वजन जाणारच."

"जातं कुठं?" मी विचारलं.

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. हसून पाठीवर थाप मारली आणि गेले.

खोलीत एक आवाज सुरू झाला होता. स्टुलाचा. तिघं जेवायला बसलो आणि तिसरी खुर्ची कमी पडली तर मी ज्यावर बसायचो तेच जुनं लाकडी स्टूल. भर दुपारी, सगळं शांत असताना ते कुरकुरायचं. थोडं थांबून परत, दुसऱ्या बाजूनं. खूप वेळ उभं राहिलेलं माणूस एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतं ना, तसं. लाकूड हवेनं फुगतं, आकसतं, हे मला माहीत आहे. मी स्वतःला तेच सांगितलं. पण मी बसलो की जसं ते कुरकुरायचं, तसंच ते कुरकुरत होतं, आणि त्यावर फक्त कुंडी होती.

आता कुंडी दोन हातांनी उचलावी लागत होती. मी म्हणालो, हात गेले. काट्याचा काटा मोडला. खात्री करायला म्हणून एके सकाळी कुंडी छातीशी धरली आणि खाली रद्दीवाल्याकडे गेलो. जिन्यात दोनदा टेकलो.

"काका, झाड विकायला काढलंत?"

"वजन बघ फक्त."

त्यानं कुंडी काट्यावर ठेवली, आकडा बघितला, कुंडी खाली काढली, काटा शून्यावर आणला, परत ठेवली. मग प्लास्टिकला कान लावला, टिचकी मारली.

"एकोणीस किलो," तो म्हणाला. "यात शिसं भरलंय का हो?"

मी कुंडी परत छातीशी धरली. त्या सकाळी हिला उचललं तेव्हा हातानं मला एक आकडा सांगितला होता. तो आणि हा, दोन्ही आकडे मी मनात शेजारी शेजारी ठेवले नाहीत. वजाबाकी मला येते. शाळेशिवाय येते.

वर आलो तर ही डोळे मिटून, चेहरा पांढराफटक. "कुठं गेला होतात? मला भोवळ आली. जिना उतरल्यासारखं वाटत होतं."

४

संध्याकाळी लेकीला फोन केला. जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं, म्हणजे फारसं काहीच नाही. झाड जड झालंय, मुळं फार वाढलीत, आई वाळत चाललीय.

"बाबा, तुम्ही थकलात," ती म्हणाली. "झाड देऊन टाका ना कुणाला. नाहीतर फेकून द्या. मी दुसरं आणते."

मी फोन खाली ठेवला. खाटेवरून ही बघत होती. "काय म्हणते?" तिनं विचारलं.

"पुढच्या महिन्यात येते म्हणते."

मग मी एक गोष्ट केली, ती सांगायला लाज वाटते. दोन रविवार मी पाहुणीला पाणी दिलं नाही. म्हटलं, फुलं आपोआप गळतील. गळली की नियम मोडत नाही, कुंडी बदलायला मोकळा.

मुळं सुरकुतली, पण एक फूल हललं नाही. सातच्या सात. आणि हिचे ओठ फुटले. पाण्याचा तांब्या मी दिवसातून सहा वेळा भरत होतो. ती पीत होती, घटाघटा पीत होती, आणि जीभ कोरडीच. दुसऱ्या रविवारी दुपारी ती म्हणाली, "मी काही चुकले का हो?"

"तू कशाला चुकशील?"

"नाही, तुम्ही मला पाणी देत नाही."

तांब्या तिच्या हातातच होता.

मी उठलो, बादली भरली, कुंडी कशीबशी उचलून पाण्यात बुडवली. मुळं हिरवी व्हायला लागली तशी ही लांब श्वास घेऊन म्हणाली, "आता बरं वाटलं. पाय गार झाले." आणि शांत झोपली.

ती झोपल्यावर मी तिचा हात पांघरुणात घेत होतो, तेव्हा अंगठी नाही हे दिसलं. लग्नातली. पन्नास वर्षं निघत नव्हती, कारण ते बोट वाकडं आहे. ते माझ्यामुळं. नवं लग्न होतं, ती गोदामात माझा डबा द्यायला आली होती, आणि मी घाईत लोखंडी दार ओढून घेतलं. तिचं बोट फटीत. ती ओरडली नाही. अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "अहो, हात आहे माझा."

बोट मधल्या पेरात वाकडं जुळलं, ते तसंच राहिलं. अंगठी त्या वाकणाच्या अलीकडे अडकून बसलेली. आता बोटावर कातडंच उरलं होतं. गळून पडली असेल कुठंतरी. मी चादर झटकली, उशी उसवली, खाटेखाली झाडलं. पडलेली वस्तू घरातच असते म्हणतात. मिळाली नाही.

५

शेवटी मी ठरवलं. फुलं असोत नाहीतर नसोत, कुंडी बदलायची. बेचाळीस वर्षांत मी मुकादमाचं म्हणणं एकदाही मोडलं नाही, लेकीच्या दुकानदाराचंही मोडवत नव्हतं, पण हिला उचलताना हाताला जे लागत होतं ते मला सहन होईना. ही गेली तर मी कुणाला उचलू? एवढा साधा प्रश्न होता.

नर्सरीबाईंना गल्लीपलीकडून विचारून घेतलं. आदल्या दिवशी भिजवायचं. कुंडी चहूबाजूंनी हलक्या हातानं दाबायची, मुळं सुटतात. गड्डा अलगद बाहेर काढायचा. सडकं मूळ तपकिरी असतं, दाबलं की पोकळ लागतं, ते कात्रीनं कापायचं. कात्री आधी गॅसवर तापवून थंड करायची. नवी साल, जरा मोठी कुंडी.

"घाई नको," त्या ओरडल्या. "तुम्हाला घाई माहीतच नाही म्हणा!"

दुपारचे तीन वाजले होते. ऊन स्वच्छ होतं, खोलीत सगळं लख्ख दिसत होतं. ही झोपली होती. जमिनीवर मी जुनं वर्तमानपत्र पसरलं, नवी कुंडी, सालीची पिशवी, कात्री मांडली. स्टुलावरून कुंडी उतरवताना मी पायात बळ घेतलं, जसं पन्नास किलोच्या पोत्याला घ्यायचो. स्टूल मोकळं झालं आणि कुरकुरलं.

प्लास्टिक दाबायला गेलो, तर आतून जागाच नव्हती. मुळं कुंडीच्या भिंतीला चेपून बसलेली, गोरी, मऊ, जणू श्वास रोखून. मी कुंडी उजेडाकडे फिरवली, कुठून सोडवायला सुरुवात करावी ते बघायला.

मागच्या बाजूला, तळाशी, पिवळं काहीतरी चमकलं.

अंगठी होती. एका मुळात होती. मूळ तिच्यातून गेलं होतं आणि इतकं भरलं होतं की ती फिरणार नाही, निघणार नाही. असं भरलेलं मी पूर्वी पाहिलंय. लग्नानंतरच्या वर्षात, जेव्हा ती चांगली जेवायची. आणि अंगठीच्या पुढं, मधल्या पेराएवढ्या अंतरावर, ते मूळ एका बाजूला वाकलं होतं.

मुळं वाकतात. कुंडीत जागा नसली की वाकतातच.

मी ती बाजू पलीकडे फिरवली. मग एक वेगळं मूळ निवडलं, काठावरचं, तपकिरी, नक्की सडकं. दाबून पाहिलं, पोकळ. कात्री उघडली, मुळाच्या दोन्ही बाजूंना पाती आली. अजून दाबलं नव्हतं.

"अहो," खाटेवरून ही म्हणाली. डोळे मिटलेले. झोपेतच, अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात. "हात आहे माझा."

कात्री मी खाली ठेवली. कुंडी उचलली, स्टुलावर ठेवली. फुलं हलली आणि स्थिर झाली. मग नवी कुंडी, साल, वर्तमानपत्र सगळं गोळा करून मी माळ्यावर टाकलं, हिला दिसू नये म्हणून. जिन्यात कुणाशी तरी बोलून यावं असं वाटलं, पण बोलायचं काय? माझ्यापाशी सांगण्यासारखं एक वाक्य नव्हतं.

६

त्यानंतर मी फक्त थांबलो. थांबायला मला येतं असं मी म्हणालो होतो ना, ते खोटं होतं. मला उचलायला येतं. थांबणं ही वेगळी गोष्ट आहे.

दर रविवारी पाणी. रोज सकाळी फुलं मोजायची. सात. ही दिवसेंदिवस कमी बोलायला लागली, पण दुःखी नव्हती. "हलकं वाटतं," म्हणायची. "खिडकीतून किती लांबचं दिसतं हो." खाटेवरून खिडकीबाहेरचं काही दिसत नाही, समोरच्या भिंतीचा तुकडा दिसतो फक्त. मी "हो," म्हणायचो.

काल परत तसंच धुकं उतरलं. आज सकाळी विरळ झालं, समोरची गॅलरी पुसट दिसायला लागली. मी फुलं मोजली. आठ होती. देठाच्या टोकाला एक नवं उमललं होतं, मोठं, ताजं. सात जुनी खिडकीकडे तोंड करून, हे एकटं आत वळलेलं, माझ्याकडे.

मी खाटेशी गेलो. एक हात मानेखाली, एक गुडघ्याखाली. सवयीनं पायात बळ घेतलं आणि उचललं, आणि मागं तोल जाऊन पडता पडता सावरलो. रिकामं पोतं भरलेलं समजून उचलल्यावर होतं तसं. पांघरुणात ती होती. चेहरा होता, केस होते, डोळे उघडे होते, श्वास चालू होता. हाताला मात्र काही लागत नव्हतं. बेचाळीस वर्षं आणि वर हे नऊ महिने, या हातांना असं कधी झालं नव्हतं. मी तिला हाक मारली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होती, ओळखीचं कुणी दिसल्यासारखी.

मागं स्टूल कुरकुरलं. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या.

मी वळलो नाही. हिला दोन्ही हातांवर तशीच धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. खाली ठेवायचं धाडस होत नव्हतं, आणि धरलंय असंही वाटत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग गल्लीपलीकडून नर्सरीबाईंचा मोठा, आनंदी आवाज आला.

"काका! अहो काका, सांगायचं तरी! काकू उठून उभ्या राहिल्या की हो! केव्हाच्या खिडकीतून मला हात करतायत!"